लाटेमागून घोडेस्वार

साहित्याच्या अभ्यासकांनी विज्ञानाचे जुने अहवाल अधूनमधून वाचावेत, असे आम्ही म्हटले तर आमच्या वाचकांपैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. परंतु एकोणिसाव्या शतकातील वैज्ञानिक गद्य हे आजच्या शोधनिबंधासारखे निर्जंतुक नव्हते. त्यात लिहिणारा माणूस दिसे, त्याचा घोडा दिसे, पावसापाण्याची वेळ दिसे. आणि कधीकधी एखादा परिच्छेद असा उतरे की पुढे शंभर-सव्वाशे वर्षे तो मूळ अहवालातून सुटून एकटाच हिंडत राही. अशाच एका परिच्छेदाविषयी आणि तो ज्या लाटेविषयी आहे त्या लाटेविषयी आम्हांला येथे लिहायचे आहे.

परिच्छेद आहे जॉन स्कॉट रसेल या स्कॉटिश अभियंत्याचा. ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेचे चौदावे अधिवेशन १८४४ साली यॉर्क येथे भरले. त्या अधिवेशनाच्या इतिवृत्तात लाटांविषयीचा त्याचा दीर्घ अहवाल छापला गेला आणि त्या अहवालात हा परिच्छेद येतो. घटना मात्र दहा वर्षे आधीची, १८३४च्या ऑगस्टमधली. एडिनबराजवळ हर्मिस्टन नावाचे गाव आहे. तेथून युनियन कालवा जातो. अरुंद कालव्यातून दोन घोडे एक नाव वेगाने ओढून नेत होते आणि रसेल तिच्या हालचालीकडे पाहत होता. नाव एकाएकी थांबली. तिच्याबरोबर जे पाणी गतीत आले होते ते मात्र थांबले नाही. ते नावेच्या नाळेपाशी खळबळत गोळा झाले आणि मग नावेला मागे टाकून पाण्याच्या एकाच गुळगुळीत, गोलाकार, स्पष्ट कडांच्या उंचवट्याच्या रूपाने पुढे निघाले. रसेल घोड्यावर होता. त्याने घोडा काठाने पिटाळला आणि लाटेला गाठले. लाट तेव्हाही ताशी आठ-नऊ मैलांच्या वेगाने चालली होती. लांबी तीसएक फूट, उंची फूट-दीड फूट. आकार जसाच्या तसा. हळूहळू उंची उतरत गेली आणि मैल-दोन मैलांच्या पाठलागानंतर कालव्याच्या वळणावळणांत ती त्याच्या दृष्टीआड झाली.

एवढेच. मूळ इंग्रजीत हा मजकूर काही मोजक्या वाक्यांचा आहे. तरंगशास्त्रावरील ग्रंथांच्या आरंभी तो इतक्या वेळा उद्धृत झाला आहे की, जसे नमन केल्यावाचून कीर्तन सुरू होत नाही, तसे या परिच्छेदावाचून त्या विषयाचे पुस्तक सुरू होत नाही, असे थट्टेने म्हणता येईल. आम्हांला त्यात आकर्षक वाटते ती त्याची संयमित रचना. आश्चर्य व्यक्त करणारे शब्द जवळजवळ नाहीत. पाण्याला लावलेली विशेषणे सगळी आकाराची आहेत, भावनेची नाहीत. आणि तरीही एका तरुणाने पाण्याच्या ढिगाऱ्यामागे घोडा सोडल्याचे चित्र वाचकाच्या मनातून जात नाही. त्या वेळी रसेल सव्वीस वर्षांचा होता.

तथापि या परिच्छेदाच्या एकटेपणाने एक गैरसमज पसरविला आहे. वाचणाऱ्यास वाटते की कोणी हौशी स्वार सहज फेरफटक्यास निघाला होता आणि दैवाने त्याला दर्शन दिले. तसे नव्हते. रसेल तेथे कामावर होता. कालव्यातून वाफेच्या नावा चालविता येतील काय, हे तपासण्याचे काम त्याच्याकडे आले होते आणि पाण्याचा नावेला होणारा विरोध तो मोजीत होता. या प्रश्नामागे एक मजेदार पूर्वपीठिका आहे. ग्लासगो-पेझलीच्या कालव्यावर विल्यम ह्यूस्टन या मालकाच्या नावेचा घोडा एकदा बुजला आणि नावेसकट उधळला. ह्यूस्टनच्या लक्षात आले की वेग एका मर्यादेपलीकडे गेल्यावर नावेमागे उसळून काठ खणणारी लाट नाहीशी झाली आणि नाव उलट हलकी वाटू लागली. व्यवहारी मनुष्य होता. त्याने त्या अनुभवावर धंदा उभारला. घोडे मुद्दाम दौडवून ताशी आठ-दहा मैलांनी प्रवासी नेणाऱ्या हलक्या नावा त्या कालव्यावर सुरू झाल्या. रसेलने स्वतःच ही हकीकत आपल्या एका निबंधात नोंदविली आहे. बुजलेल्या घोड्याला जे कळले त्याचे कारण शोधणे, असे त्याच्या संशोधनाचे वर्णन केले तर ते अगदीच चुकीचे होणार नाही.

कारण असे होते. उथळ कालव्यात लाटेचा एक नैसर्गिक वेग असतो आणि तो पाण्याच्या खोलीवर ठरतो. नाव त्याहून हळू चालली तर ती स्वतःच उठविलेल्या लाटेच्या मागे चढण चढत राहते. त्याहून वेगाने चालली तर लाटेच्या माथ्यावर बसून जाते. म्हणजे हर्मिस्टनला नाव थांबली तेव्हा जे सुटे झाले ते नावेने तोवर वाहून आणलेले तिचे स्वतःचेच ओझे होते.

रसेलने पुढे जे केले ते पाठलागाइतके नाट्यपूर्ण नाही, म्हणून उद्धृत होत नाही. त्याने लांबट हौद करून घेतले. हौदाच्या एका टोकाला पाणी अडवून ठेवायचे आणि पडदा एकदम उचलायचा, किंवा वजन पाण्यात सोडायचे. मग उठलेला उंचवटा दुसऱ्या टोकाला आपटून परत येताना पुन्हा पुन्हा मोजायचा. यातून त्याला एक नियम मिळाला. पाण्याची खोली आणि लाटेची उंची यांची बेरीज करावी, तिला गुरुत्वाच्या प्रवेगाने गुणावे आणि वर्गमूळ काढावे, म्हणजे लाटेचा वेग मिळतो. पाच फूट खोलीच्या कालव्यात हा हिशेब करून पाहिला, तर ताशी साडेआठ मैलांच्या पुढचा आकडा येतो. घोडेस्वाराने केलेला अंदाज किती बरोबर होता हे त्यावरून दिसते.

या साध्या नियमात सारा बखेडा दडलेला आहे. लाटेची उंची वेगात शिरली याचा अर्थ असा की मोठी लाट लहान लाटेपेक्षा वेगाने चालते. तोपर्यंतच्या तरंगविचारात असे नव्हते. लाग्रांजने उथळ पाण्यातील लाटेचा वेग काढला होता तो केवळ खोलीवर अवलंबून होता. लाट लहान असो की मोठी, वेग तोच. दोन लाटा एकत्र आल्या तर त्यांची नुसती बेरीज व्हायची. कारण दुप्पट केले की कार्य दुप्पट, या हिशेबाला गणिती 'रेषीय' म्हणतात. जग असे असते तर फार सोयीचे झाले असते. पाण्याच्या पृष्ठभागावरची बारीक लहर बऱ्याच अंशी हा नियम पाळते. परंतु उंची खोलीच्या तुलनेत नगण्य राहिली नाही की नियम मोडतो. लाट स्वतःच्या उंचीमुळे स्वतःचा वेग बदलते. याला आपण आज अरेषीय वर्तन म्हणतो. समुद्रकिनाऱ्यावर बसलेल्या कोणालाही ते दिसते. किनाऱ्याशी येणाऱ्या लाटेचा माथा पायथ्याला मागे टाकतो, ती उभी होते, वाकते आणि फुटते. ती फुटणे हाच रेषीय गणिताचा पराभव होय.

येथे थोडे विषयांतर करण्याची वाचकांनी परवानगी द्यावी. आपल्या परंपरेत लाट हा फार जुना दृष्टान्त आहे. अद्वैताच्या निरूपणात पाणी आणि तरंग यांच्या अभेदाचा दृष्टान्त नाही असा ग्रंथ विरळा. न्याय-वैशेषिकांनी तर तरंगाचा उपयोग काव्यासाठी नव्हे, विज्ञानासाठी केला. शब्द कानापर्यंत कसा पोहोचतो, या प्रश्नाला त्यांनी दिलेले एक उत्तर 'वीचीतरंगन्याय' या नावाने प्रसिद्ध आहे: एका लाटेने दुसरी, दुसरीने तिसरी उत्पन्न करावी, त्याप्रमाणे एक शब्द दुसऱ्यास जन्म देत कानापाशी येतो. या न्यायात कोणतीही एक वस्तू येथून तेथे जात नाही. जाते ती परंपरा. भाताच्या उभ्या पिकावरून वारा जावा तसे. सामान्य लाटेच्या बाबतीत हे निरीक्षण अचूक आहे. पाणी जागच्या जागी वरखाली, पुढेमागे होते आणि आकार तेवढा पुढे सरकतो. रसेलची लाट मात्र या न्यायात बसत नाही. ती जेथून जाते तेथले पाणी खरोखरीच काही अंतर पुढे सरकून तेथेच राहते. तिच्या मागे पोकळी नाही, पुढे खळगा नाही. पाण्याच्या पातळीवर ठेवलेला नुसता उंचवटा. म्हणून त्याने तिला नाव दिले 'वेव्ह ऑफ ट्रान्स्लेशन'. आमच्यासारख्या भाषेच्या माणसांना त्या नावाची गंमत वाटते. इंग्रजीत भाषांतराला आणि स्थानांतराला हा एकच शब्द चालतो. लॅटिन मुळात दोन्हींचा अर्थ 'पलीकडे वाहून नेणे'. मराठीने दोन शब्द केले, पण दोहोंतले 'अंतर' मात्र सोडले नाही. असो.

रसेलने आपल्या अहवालात लाटांच्या चार जाती लावल्या: पहिली ही एकाकी लाट, दुसरी समुद्रावर नेहमी दिसणाऱ्या दोलायमान लाटांची, तिसरी पाण्याच्या पृष्ठताणामुळे उमटणाऱ्या बारीक लहरींची, चौथी ध्वनीची. पहिला मान आपल्या लाडक्या लाटेला देण्यातच त्याचा पक्षपात उघड होतो. तिला तो 'महान' आणि 'आद्य' अशी विशेषणेही लावीत असे. आणि ठिणगी पडली ती या विशेषणांवरून.

ग्रिनिचचा शाही खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज बिडेल एअरी हा त्या काळच्या ब्रिटिश विज्ञानातील सर्वांत वजनदार मनुष्यांपैकी एक. भरती-ओहोटी आणि लाटा यांवर त्याने एका विश्वकोशासाठी जो प्रदीर्घ निबंध लिहिला, त्यात रसेलच्या मोजमापांची त्याने दखल घेतली, नाही असे नाही. परंतु ही लाट महान किंवा आद्य म्हणण्याच्या योग्यतेची आहे हे त्याने साफ नाकारले. त्याचे गणित सांगत होते की उथळ पाण्यातील कोणतीही उंच लाट आकार टिकवूच शकत नाही. माथा वेगाने चालणार, पुढची बाजू उभी होत जाणार, लाट फुटणार. १८४६ साली जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या तरुण केंब्रिजकराने ब्रिटिश असोसिएशनपुढे जलगतिशास्त्राचा आढावा मांडला. त्याचेही मत पडले की लाटेची उंची उतरत जाते ती केवळ पाण्याच्या घर्षणामुळे नव्हे. झिजणे हा तिचा स्वभावच असला पाहिजे. म्हणजे अखंड चालणारी एकाकी लाट तत्त्वतः अशक्य.

दोघांचे म्हणणे शब्दशः ऐकले तर आणखी एक विसंगती दिसते. एअरीच्या मते लाट आकसून उभी व्हायला हवी. परंतु पाण्याला दुसराही एक गुण आहे. लांब लाटा आखूड लाटांपेक्षा वेगाने जातात. त्यामुळे कोणताही ढिगारा जाता जाता पांगतो, जसा धावण्याच्या शर्यतीत आरंभी एकत्र असलेला घोळका पुढे विरळ होत जातो. या गुणाला अपस्करण म्हणतात. एक गुण लाटेला उभी करून फोडू पाहतो, दुसरा तिला पसरून नष्ट करू पाहतो. एअरीने पहिल्याचा हिशेब केला आणि दुसरा वगळला. दुसऱ्याचाच हिशेब केला तर लाट पांगूनच जायला हवी. कालव्यातल्या लाटेत दोन्ही एकाच वेळी काम करीत होते आणि एकमेकांना तोलून धरीत होते. एका विशिष्ट आकाराला, आणि त्याच आकाराला, हा तोल साधतो. रसेलला हे गणित येत नव्हते. त्याने तो आकार पाहिला होता, एवढेच.

या वादाची जी कथा सांगितली जाते ती आम्हांला पटत नाही. लोकप्रिय लेखनात रसेल हा उपेक्षित द्रष्टा असतो: समकालीनांनी हसण्यावारी नेले, एकटा पडला, आणि संगणकयुग आल्यावर त्याचा उद्धार झाला. वस्तुस्थिती इतकी काव्यात्म नाही. १८३७ सालीच एडिनबराच्या रॉयल सोसायटीने त्याला कीथ सुवर्णपदक दिले होते. १८४९ साली तो लंडनच्या रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. १८५१च्या प्रख्यात औद्योगिक प्रदर्शनाच्या उभारणीत तो चिटणिसांपैकी एक होता. आणि मुख्य म्हणजे त्याच्या हयातीतच त्याच्या लाटेला सिद्धान्ताचा आधार मिळाला. फ्रान्समध्ये बाझँ याने बुर्गोन्यच्या कालव्यावर प्रयोग करून रसेलची निरीक्षणे पडताळून पाहिली. १८७१ साली जोसेफ बुसिनेस्कने एकाकी लाटेचे गणित मांडले. १८७६ साली लॉर्ड रॅलेने त्याच्याहून स्वतंत्रपणे तेच दाखविले. रसेल वारला १८८२ साली. त्याला द्रष्टा ठरविण्यासाठी त्याच्या काळाला आंधळे ठरविण्याची काही गरज नाही.

ज्याची कथा खरोखर सांगण्याजोगी आहे तो आमच्या मते स्टोक्स. १८४७ साली त्याने दोलायमान लाटांवर जो निबंध लिहिला तो या विषयाचा दुसरा पाया. उंच लाटांचे माथे टोकदार आणि खोलगे पसरट का होतात, उंचीबरोबर वेग का वाढतो, आणि अशा लाटांखालचे पाणी प्रत्येक फेरीत थोडेथोडे पुढे का सरकत जाते, हे सारे त्यात आहे. पुढे १८८० साली त्याने दाखविले की सर्वांत उंच शक्य अशा लाटेच्या माथ्याचा कोन १२० अंशांचा असतो. इतका अधिकारी मनुष्य एकाकी लाटेबाबत चुकला होता. आणि १८९१ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्याने एक छोटे टिपण लिहून आपले जुने मत चुकीचे होते हे छापील शब्दांत मान्य केले. मूळ मत मांडून पंचेचाळीस वर्षे झाली होती. कोणी मागितले असते तरच द्यावे असे हे उत्तर नव्हते. ज्याला उद्देशून ते द्यायचे तो नऊ वर्षांपूर्वी निवर्तला होता.

१८९५ साली ॲम्स्टरडॅमचा दिडेरिक कोर्टेवेग आणि त्याचा विद्यार्थी गुस्ताव्ह द फ्रीस यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आज या विषयाचे नाव काढले की त्या दोघांचे समीकरण पुढे येते. त्या निबंधाचा रोख पाठ्यपुस्तकांवर आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. उत्तमोत्तम ग्रंथांतही अजून एअरीचेच म्हणणे छापले जाते, अशी तक्रार करूनच ते आरंभ करतात. म्हणजे शोध लागून वीस-पंचवीस वर्षे झाली तरी पाठ्यपुस्तक हलले नव्हते. आमच्यापैकी जे अध्यापनात आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही. दुसरी गोष्ट तळटिपांच्या प्रेमिकांसाठी. हेच समीकरण बुसिनेस्कने १८७७च्या एका विस्तृत प्रबंधात आधीच लिहून ठेवले होते, आणि तेही तळटिपेत. अध्यायात लिहिले असते तर कदाचित समीकरणाला त्याचे नाव मिळाले असते. द फ्रीसने पुढे शाळेत शिकविण्यात आयुष्य घालविले. आपले नाव जगभर होणार आहे याची त्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते.

आता रसेलच्या उरलेल्या आयुष्याकडे थोडे वळले पाहिजे, कारण लाटेने त्याला सोडले नाही. जहाजाच्या नाळेचा आकार लाटेच्या आकाराबरहुकूम ठेवला तर विरोध कमीत कमी होईल, असा त्याचा सिद्धान्त होता आणि त्यानुसार त्याने जहाजे बांधली. सिद्धान्त पुढे टिकला नाही. जहाजे मात्र चांगली चालली. त्याच्या मिलवॉलच्या गोदीत इझमबार्ड किंग्डम ब्रुनेलचे अवाढव्य 'ग्रेट ईस्टर्न' बांधले गेले. लांबी ६९२ फूट. तोपर्यंत जगाने पाहिलेले सर्वांत मोठे जहाज. बांधताना रसेलचा व्यवसाय बुडाला, ब्रुनेलशी विकोपाचे भांडण झाले, अनेक फसलेल्या प्रयत्नांनंतर १८५८च्या ३१ जानेवारीला जहाज पाण्यात उतरले आणि पुढच्याच वर्षी ब्रुनेल वारला. इतिहासकारांनी या भांडणाचा निवाडा दोनदा केला. एल. टी. सी. रोल्टने १९५७ साली लिहिलेल्या ब्रुनेल-चरित्रात रसेल हा खलनायक आहे. त्या चरित्राचे गद्य इतके प्रभावी की पुढच्या पिढीने तो निवाडा सहज स्वीकारला. १९७७ साली जॉर्ज इमर्सनने रसेलचे चरित्र लिहून बाजू मांडली. नायकाला खलनायक लागतो ही चरित्रवाङ्मयाची जुनी सोय आहे, आणि ती मराठी चरित्रांनाही परकी नाही, एवढेच येथे म्हणून ठेवतो.

प्रवासी वाहतुकीत ते जहाज अपयशी ठरले. पण समुद्रतळाशी तारा टाकण्यासाठी त्याच्याएवढे पोट दुसऱ्या कोणत्याच जहाजाला नव्हते. १८७० साली मुंबई ते एडन ही पाणतार टाकली गेली ती याच 'ग्रेट ईस्टर्न'मधून. त्या वर्षी मुंबई बंदरात उभे असलेले ते अजस्र लोखंडी धूड ज्यांनी पाहिले असेल, त्यांच्यापैकी कोणाला त्याच्या नाळेचा संबंध स्कॉटलंडमधल्या एका कालव्यातल्या लाटेशी आहे, हे ठाऊक असण्याचा संभव नाही.

उतारवयात रसेलने एकाच लाटेवर सारे विश्व तोलण्याचा उद्योग केला. पाणी, हवा आणि ईथर यांच्या महासागरांतील स्थानांतर-लाटेवरचे त्याचे पुस्तक मृत्यूनंतर, १८८५ साली प्रसिद्ध झाले. ध्वनी हीसुद्धा त्याच जातीची लाट मानून ध्वनीच्या वेगावरून त्याने वातावरणाची खोली काढली. प्रकाशाला तोच नियम लावून विश्वाच्या विस्तारापर्यंत मजल मारली. हे सगळे चुकीचे आहे. रसेलचे चाहते या पुस्तकाविषयी मौन पाळतात. आम्हांला ते अयोग्य वाटते. ज्या हट्टाने एका उंचवट्यामागे मैल-दोन मैल घोडा पिटाळला, एअरीसारख्या माणसाने नाही म्हटले तरी मोजमाप मागे घेतले नाही, तोच हट्ट या पुस्तकातही आहे. पहिल्या ठिकाणी समोर पाणी होते, दुसऱ्या ठिकाणी नव्हते.

विसाव्या शतकाचा भाग आम्ही भराभर सांगतो, कारण तो इतरत्र पुष्कळ लिहिला गेला आहे. १९५५ साली लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत एक अंतर्गत अहवाल तयार झाला. एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टॅनिस्लॉ उलाम यांनी संगणकावर एका साखळीतील कणांचे अरेषीय दोलन तपासले होते. संगणकाची आज्ञावली मेरी त्सिंगू हिने तयार केली होती. अपेक्षा होती की ऊर्जा सगळीकडे वाटली जाईल. ती काही काळ फिरून जवळजवळ मूळ जागी परत आली. फर्मी अहवाल पुरा होण्यापूर्वीच, १९५४ साली वारला होता. त्सिंगूचे नाव अहवालात केवळ आभारापुरते आले आणि तिला या प्रयोगाच्या नावात स्थान द्यावे अशी मागणी २००८ साली छापून यावी लागली. १९६५ साली नॉर्मन झाबुस्की आणि मार्टिन क्रुस्कल यांनी हे कोडे कोर्टेवेग-द फ्रीस समीकरणाच्या वाटेने सोडविले. संगणकावर त्यांना दिसले की एक लाट फुटून अनेक एकाकी लाटा होतात, उंच लाट ठेंगणीला गाठते, दोघी एकमेकींत मिसळतात आणि पुन्हा आपापल्या आकाराने बाहेर पडतात. फक्त त्यांच्या जागा किंचित सरकलेल्या असतात. बेरीज न पाळणाऱ्या जगात ही ओळख टिकणे नवलाचे होते. इलेक्ट्रॉन, प्रोटॉन यांच्या धर्तीवर त्यांनी तिला 'सॉलिटॉन' म्हटले. एक मोठा ढिगारा दोन-तीन लाटांत फुटतो आणि लाटा एकमेकींतून न बिघडता पार होतात, हे रसेलने हौदात पाहून लिहून ठेवलेले होते.

याच्या उलट गोष्ट दोनच वर्षांनी घडली. १९६७ साली ब्रूक बेंजामिन आणि जेम्स फेअर यांनी दाखविले की स्टोक्सच्या नियमित लाटांची मालिका, जी इतकी वर्षे स्थिर समजली गेली होती, ती खोल पाण्यात आपोआप विस्कटते. म्हणजे ज्या लाटेला स्टोक्सने अशक्य मानले ती टिकली, आणि जी त्याने स्वतः मांडली ती ढळली. खुल्या समुद्रात अचानक उठणाऱ्या राक्षसी लाटांच्या विचारात ही अस्थिरता आज घ्यावी लागते.

आणि कालव्याचे काय झाले? १८२२ साली खुला झालेला युनियन कालवा एकतीस मैलांचा. समान उंचीची रेषा धरून तो खणला असल्यामुळे फॉलकर्कपर्यंत त्यावर पाणी चढविण्या-उतरविण्याचे दरवाजेच नव्हते. ठरावीक रुंदी, ठरावीक खोली, संथ पाणी. प्रयोगशाळा म्हणून बांधला असता तरी याहून चांगला झाला नसता. परंतु १८४२ साली एडिनबरा-ग्लासगो रेल्वे सुरू झाली आणि दौडत्या घोड्यांच्या नावांना काही अर्थ उरला नाही. म्हणजे १८४४च्या अहवालातला तो परिच्छेद छापला गेला तेव्हाच त्यातली नाव जुन्या जमान्यातली होऊ लागली होती. वाहतुकीसाठी कालवा अधिकृतपणे बंद झाला तो १९६५ साली. ज्या वर्षी 'सॉलिटॉन' हा शब्द छापला गेला त्याच वर्षी. हा केवळ योगायोग आहे आणि त्यातून आम्ही काहीही सुचवू इच्छीत नाही. २००१ साली कालवा पुन्हा खुला झाला. दरम्यान प्रकाशतंतूंतून सॉलिटॉनच्या रूपाने संदेश पाठविता येतील, असे १९७३ साली हासेगावा आणि टॅपर्ट यांनी सुचविले होते आणि १९८० साली ते प्रयोगाने दिसूनही आले. एडिनबरा आणि ग्लासगो यांना जोडणारी एक प्रकाशतंतूंची तार ज्या वाटेखालून गेली ती वाट म्हणजे रसेलचा घोडा धावला तीच काठाची वाट.

१९९५च्या १२ जुलैला या विषयाचे अभ्यासक त्या कालव्यावर जमले. हर्मिस्टनजवळच हेरियट-वॉट विद्यापीठ आहे आणि तेथे कालवा एका जलसेतूवरून शहराबाहेरचा हमरस्ता ओलांडतो. नव्वद मीटरांहून किंचित कमी लांबीच्या, चारएक मीटर रुंद आणि दीड मीटर खोल अशा या सेतूला रसेलचे नाव देण्याचे त्यांनी ठरविले होते. एक नाव वेगाने आणली, एकाएकी थांबविली. तिच्या नाळेपुढे पाणी गोळा झाले आणि सुटे होऊन पुढे निघाले. त्या क्षणाचे छायाचित्र पुढच्या महिन्यात 'नेचर'मध्ये छापले गेले: काठावर माणसे उभी आहेत, मागे नाव आहे, आणि तिच्यापुढे या काठापासून त्या काठापर्यंत पाण्याचा एकच उंचवटा चालला आहे.